प्रोबायोटिक घेतेय, मग कोलोनोस्कोपी कशाला?

थोरल्या भावाला गेल्या वर्षी, वयाच्या ४७व्या वर्षी मोठ्या आतड्याचा कॅन्सर निघाला. ऑपरेशन झालं, आता केमो चालू आहे. त्याच्या डॉक्टरांनी सख्ख्या भावंडांना कोलोनोस्कोपी, म्हणजे मोठ्या आतड्याची दुर्बिणीतून तपासणी, करून घ्यायला सांगितलं. पत्र लिहिणाऱ्या ताई ४३ वर्षांच्या, नोकरी करणाऱ्या, शाकाहारी. त्या लिहितात: 'दादा बाहेरचं खायचा, रविवारी मटण, कधीमधी पार्टी. मी पहिल्यापासून घरचं खाणारी. तरी मनात भीती बसली, म्हणून गेले आठ महिने प्रोबायोटिकची कॅप्सूल, रात्री इसबगोल, सकाळी प्रीबायोटिक पावडर आणि हळदीची कॅप्सूल घेते. महिन्याला साडेतीन हजार जातात. मिस्टर म्हणतात, हे खूळ आहे. दादालाही त्याच कॅप्सूल पाठवते. कोलोनोस्कोपीची मला भयंकर भीती वाटते आणि खरं सांगायचं तर लाजही. वर्षभर आतडं नीट सांभाळलं तर ती टाळता येईल का? आणि यातलं सगळ्यात चांगलं काय? घरी आणखी एक त्रास. आई उठता-बसता वहिनीच्या स्वयंपाकाला बोल लावते.' खाली ता. क. आहे: 'ऑफिसच्या तपासणीत हिमोग्लोबिन ९.६ आलं. लोहाच्या गोळ्या चालू केल्यात.'

ताई, मी तुमच्या ता. क.पासूनच सुरुवात करते, कारण अख्ख्या पत्रात मला तीच ओळ सगळ्यात जास्त टोचली.

पाळी चालू असलेल्या बाईचं हिमोग्लोबिन कमी आलं की डॉक्टरांपासून शेजारणीपर्यंत सगळे पाळीकडे बोट दाखवतात. बहुतेक वेळा ते बरोबरही असतं. पण मोठ्या आतड्याच्या उजव्या भागात गाठ असली, तर ती महिनोन्महिने थोडं थोडं रक्त गाळत राहते. ते शौचात मिसळून जातं, डोळ्यांना दिसत नाही. पोट दुखत नाही, पचन बिघडत नाही. माणसाला फक्त थकवा येतो, आणि थकव्याला आपल्याकडे कारणांची कधी वाण नसते. तुमचं ९.६ पाळीमुळेच असेल, असण्याची शक्यता चांगली आहे. पण सख्ख्या भावाला ४७व्या वर्षी हा आजार झालेला असताना नुसत्या लोहाच्या गोळ्या सुरू करून गप्प बसायचं नाही. ज्यांनी गोळ्या दिल्या त्यांना भावाचं सांगितलंत का? बहुधा नसेल. ऑफिसच्या तपासणीत कोण विचारतो! या आठवड्यात तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे जा आणि दोन्ही गोष्टी एका दमात सांगा. फेरिटिन, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा, तपासायला लागेल. बाकीचं ते ठरवतील.

आता तुमचा मुख्य प्रश्न. 'आतडं सांभाळलं तर तपासणी टाळता येईल का?' नाही टाळता येणार. आधी उत्तर देऊन टाकलं, म्हणजे पुढचं मोकळ्या मनाने वाचाल. खाण्याला अर्थ नाही असं मात्र मी अजिबात म्हणत नाहीये. अर्थ खूप आहे, फक्त तुम्ही त्याच्याकडून जे काम मागताय ते त्याचं नाही.

कोंडा, साल, डाळी, भाज्या यांतला जो चोथा आपल्याला पचवता येत नाही, तो मोठ्या आतड्यातले जिवाणू आंबवतात. त्यातून ब्युटिरेट नावाचं एक आम्ल तयार होतं, आणि मोठ्या आतड्याच्या अस्तरातल्या पेशींचं ते मुख्य इंधन आहे. चोथ्यामुळे मळ लवकर पुढे सरकतो, त्यातली घातक द्रव्यं अस्तराला कमी वेळ चिकटून राहतात. हे सगळं खरं आहे. डेनिस बर्किट नावाच्या आयरिश सर्जनने युगांडात वर्षानुवर्षं काम करताना पाहिलं, की तिथल्या गावच्या माणसांमध्ये हा आजार क्वचितच सापडतो, आणि त्यांच्या जेवणात चोथा भरपूर असतो. १९७०च्या दशकात त्याने ही गोष्ट जगभर सांगितली. पुढे युरोपातल्या दहा देशांच्या मोठ्या पाहणीतही जास्त चोथा खाणाऱ्यांमध्ये हा कॅन्सर कमी दिसला. अख्ख्या धान्याचं गणित तर बऱ्यापैकी पक्कं आहे: रोज ९० ग्रॅम अख्खं धान्य पोटात गेलं तर धोका सुमारे १७ टक्क्यांनी कमी.

पण ती सगळी जन्मभर तसं खाणारी माणसं. त्यातला चोथा काढून पुडीत भरला आणि चाळिशीनंतर तीन-चार वर्षं दिला, तर काय होतं? हेही लोकांनी करून पाहिलंय. आधी पॉलिप, म्हणजे आतड्याच्या अस्तरावरच्या बारक्या गाठी, निघालेल्या माणसांना गव्हाचा कोंडा देऊन किंवा कमी चरबीचा, जास्त चोथ्याचा आहार देऊन अमेरिकेत दोन मोठे प्रयोग झाले. २००० साली निकाल आले: पॉलिप पुन्हा येण्यात काडीचाही फरक नाही. त्याच वर्षी युरोपातला तिसरा प्रयोग प्रसिद्ध झाला, आणि तो तर थेट तुमच्या रात्रीच्या चमच्याचा आहे. रोज साडेतीन ग्रॅम इसबगोल, तीन वर्षं. इसबगोल घेणाऱ्यांपैकी २९ टक्के लोकांना नवे पॉलिप आले, इसबगोल न घेणाऱ्यांपैकी २० टक्क्यांना. घाबरून डबा फेकून देऊ नका. एका प्रयोगावरून इसबगोल वाईट ठरत नाही, आणि बद्धकोष्ठावर ते उत्तमच आहे. तुम्हाला बद्धकोष्ठ असेल तर खुशाल घ्या, वर ग्लासभर पाणी प्या. नसेल तर का घेताय, ते एकदा स्वतःला विचारा.

प्रोबायोटिक, म्हणजे जिवंत जिवाणूंच्या, कॅप्सूलने मोठ्या आतड्याचा कॅन्सर टळतो असं माणसांवरच्या एकाही प्रयोगात सिद्ध झालेलं नाही. जिवाणूंचा आणि या कॅन्सरचा संबंध आहे, हे खरं. ई. कोलायच्या काही जाती कोलिबॅक्टिन नावाचं विष सोडतात आणि पेशीच्या जनुकांवर त्याच्या खुणा उमटतात. तरुणपणी कॅन्सर झालेल्यांच्या गाठींमध्ये या खुणा जास्त सापडल्याचं २०२५ सालच्या एका मोठ्या अभ्यासात दिसलं. पण म्हणून बाजारातल्या कॅप्सूलमधले दोन-चार जातींचे पाहुणे जाऊन त्यांना हुसकावून लावतील, हा मधला दुवा जाहिरातवाल्यांनी जोडलाय. आतड्यातल्या जिवाणूंच्या घरपोच येणाऱ्या 'गट टेस्ट'चंही तेच. रंगीत अहवाल मिळतो, कॅन्सरचा धोका त्यातून कळत नाही.

तुमचा डबा हातात घ्या आणि मागचं बारीक अक्षर वाचा. हे औषध म्हणून वापरायचं नाही, अशा अर्थाची ओळ सापडेल. आपल्याकडे असं पूरक खाद्य अन्न म्हणून विकलं जातं आणि ती ओळ छापणं बंधनकारक आहे. पुढच्या बाजूला काहीही लिहिलेलं असो, कंपनीने मागच्या बाजूला हात झटकलेले असतात.

दादाला पाठवताय त्या कॅप्सूल मात्र आजच थांबवा. केमोत पांढऱ्या पेशी खाली येतात, आतड्याचं अस्तर सोलवटलेलं असतं. निरोगी माणसाला निरुपद्रवी असलेले हेच जिवाणू अशा वेळी रक्तात उतरल्याच्या नोंदी आहेत. त्याच्या ऑन्कॉलॉजिस्टने सांगितल्याशिवाय काहीही नाही. हळदीची कॅप्सूल तुम्हीही बंद करा. भाजी-आमटीतली हळद वेगळी. कॅप्सूलमधला अर्क कित्येक पट तीव्र असतो, तो शोषला जावा म्हणून त्यात काळ्या मिरीचा अर्क घालतात, आणि अशा कॅप्सूलांनी यकृताला गंभीर इजा झालेले रुग्ण डॉक्टरांनी नोंदवलेत. कॅन्सर टाळायला जाऊन कावीळ ओढवून घ्यायची, हा कुठला व्यवहार?

आता 'दादा बाहेरचं खायचा, मी घरचं खाते' याबद्दल. या वाक्यात एक समाधान दडलेलं आहे, ते मला कळतं. भावाच्या आजाराचं कारण त्याच्या ताटात सापडलं, की आपलं ताट सुरक्षित वाटतं. काही कारणं ताटात असतातही. सॉसेज, सलामी, बेकन, गोव्याचा चोरीस असं खारवलेलं, धुरावलेलं मांस जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २०१५ साली कॅन्सरकारक ठरवलं: रोज ५० ग्रॅम खाल्लं तर धोका साधारण १८ टक्क्यांनी वाढतो. ताजं लाल मांस त्याच्या खालच्या गटात आहे. दारू, तंबाखू, पोटाचा घेर, दिवसभर बसून काम, ही यादी पक्की आहे. पण रविवारच्या मटणाने ४७व्या वर्षी गाठ झाली असं कुणी छातीठोक म्हणू शकणार नाही. शाकाहाराचंही तसंच. अमेरिकेतल्या अ‍ॅडव्हेंटिस्ट पंथाच्या लोकांमध्ये शाकाहारींना हा कॅन्सर २२ टक्के कमी आढळला. ब्रिटनमधल्या एका पाहणीत मात्र शाकाहारींमध्ये तो कमी दिसला नाहीच, उलट जास्त निघाला. 'मी शाकाहारी आहे' एवढ्यावर विसंबता येत नाही.

तुमच्या बाबतीत ताटाहून मोठी गोष्ट रक्ताच्या नात्याची आहे. आई-वडील, भावंडं किंवा मुलं यांच्यापैकी कुणाला साठीच्या आत हा कॅन्सर झाला असेल, तर नियम असा: चाळिसाव्या वर्षी, किंवा त्या नातेवाइकाला झाला त्या वयाच्या दहा वर्षं आधी, यातलं जे अगोदर येईल तेव्हा पहिली कोलोनोस्कोपी, आणि पुढे दर पाच वर्षांनी. दादाचे ४७ वजा १० म्हणजे ३७. तुम्ही ४३च्या आहात. तपासणी लांबणीवर टाकायची की नाही हा प्रश्नच उरत नाही, ती सहा वर्षं लांबलेली आहे. दादाचं निदानच गेल्या वर्षी झालं, तेव्हा यात तुमचा दोष शून्य. पण आणखी वर्षभर पावडर पिऊन बघू, असं नको.

पन्नाशीच्या आत आजार झाला म्हणून आणखी एक गोष्ट विचारायची असते. दादाच्या गाठीच्या तुकड्यावर 'एमएमआर' तपासणी (पेशीतली जनुकं दुरुस्त करणारी यंत्रणा शाबूत आहे का ते बघणारी) झाली आहे का, हे त्याच्या फाइलमध्ये बघा किंवा त्याच्या डॉक्टरांना विचारा. त्यातून लिंच सिंड्रोमचा संशय येतो का ते कळतं. मोठ्या आतड्याच्या दर शंभर कॅन्सरांमागे सुमारे तीन या आनुवंशिक दोषामुळे होतात, आणि दोष असलेल्या माणसाच्या प्रत्येक भावंडाला तो असण्याची शक्यता निम्मी असते. तसं निघालं तर तुमचं वेळापत्रकच बदलतं: दर एक-दोन वर्षांनी कोलोनोस्कोपी, शिवाय गर्भाशयाच्या अस्तराकडेही लक्ष. दादाची मुलं मोठी होतील तेव्हा त्यांनाही हे माहीत असलेलं बरं. मुंबईत टाटा मेमोरियलसारख्या ठिकाणी यासाठी जनुकीय सल्ल्याची सोय आहे. गाठीची तपासणी 'नॉर्मल' आली असेल तर एक मोठं ओझं उतरेल, पाच वर्षांचा नियम मात्र तरीही राहील.

याच लिंच सिंड्रोमच्या लोकांवर ब्रिटनमधल्या संशोधकांच्या पुढाकाराने एक प्रयोग झाला, तो तुम्हाला आवडेल. रोज ३० ग्रॅम 'न पचणारा स्टार्च' सरासरी दोन वर्षं दिला. हा स्टार्च थोड्या कच्च्या केळ्यात असतो, आणि शिजवून गार केलेल्या भातातही वाढतो, म्हणजे आपला शिळा भात. २०२२ साली आलेल्या दीर्घ पाहणीत मोठ्या आतड्याच्या कॅन्सरवर त्याचा काही परिणाम दिसला नाही. जठर, स्वादुपिंड अशा वरच्या भागातल्या कॅन्सरांत मात्र निम्म्याहून अधिक घट दिसली. कुणाला वाटलं होतं! त्याच लोकांमध्ये मोठ्या आतड्याचा कॅन्सर कमी केला तो अ‍ॅस्पिरिनने, आणि ते डॉक्टरांनी माणूस पाहून द्यायचं औषध आहे, मनाने सुरू करायचं नाही. फोडणीचा भात जरूर खा, फक्त रात्रीचा भात फ्रिजमध्ये ठेवलेला असू द्या.

कोलोनोस्कोपीची भीती तुम्ही लिहिलीत, पण नेमकी कशाची ते लिहिलं नाहीत. दुखण्याची असेल तर झोपेचं इंजेक्शन देतात. बहुतेकांना काही आठवत नाही आणि अर्ध्या तासात काम होतं. डाव्या कुशीवर, गुडघे पोटाशी घेऊन झोपायचं असतं. लाजेची असेल तर नाव नोंदवतानाच बाई डॉक्टर मिळतील का आणि मागून उघडणारी पँट मिळेल का, हे विचारा. हे विचारणाऱ्या तुम्ही पहिल्या नसाल. आतड्याला इजा होण्याचा धोका हजारात एकाच्या आसपास किंवा त्याहून कमी. खरा वैताग आदल्या दिवसाचा आहे: पोट साफ करणारी पावडर घातलेलं दोनेक लिटर पाणी प्यायचं आणि बाथरूम धरून बसायचं. गार करून, मध्ये लिंबूपाण्याचे घोट घेत प्यायलं की जरा सुसह्य होतं. दोन-तीन दिवस आधीपासून सगळी शिकवण उलटी करायची. पांढरा भात, वरणाचं वरचं पाणी, साधा ब्रेड. भाजी नाही, तीळ नाहीत, पेरू आणि टोमॅटो नाहीत, कारण बिया दुर्बिणीच्या वाटेत येतात. इसबगोल बंद. लोहाच्या गोळ्या साधारण आठवडाभर आधी थांबवाव्या लागतात, त्यांनी मळ काळा आणि चिकट होऊन अस्तर दिसत नाही. कधी थांबवायच्या ते तुमच्या डॉक्टरांकडून लिहूनच घ्या.

एवढ्या उपद्व्यापाचं कारण असं, की हा कॅन्सर बहुतेक वेळा पॉलिप नावाच्या बारक्या गाठीपासून सुरू होतो आणि तिचा कॅन्सर व्हायला साधारण दहा वर्षं लागतात. तो पॉलिप तिथल्या तिथे, त्याच दुर्बिणीतून कापून काढता येतो. शेतात तण उपटावं तसं. जगातलं कुठलंही दही, ताक, किमची किंवा कॅप्सूल आलेला पॉलिप काढू शकत नाही. शौचात न दिसणारं रक्त शोधणारी, घरी करायची 'फिट' तपासणी सर्वसाधारण लोकांसाठी उपयोगी आहे, पण तुमच्यासारखा घरचा इतिहास आणि रक्त कमी असताना ती कोलोनोस्कोपीची जागा घेत नाही. भारतात या कॅन्सरसाठी सरसकट सरकारी तपासणी मोहीम नाही, तोंड, स्तन आणि गर्भाशयमुखासाठी आहे. त्यामुळे बोलावणं येण्याची वाट बघू नका. आणि पैशांचं म्हणाल तर आठ महिन्यांत अठ्ठावीस हजार गेले. बहुतेक खासगी दवाखान्यांत तेवढ्यात ही तपासणी होऊन वर पैसे उरतात.

मग खायचं काय? साडेतीन हजारांपैकी बरेचसे किराण्याकडे वळवा. दिवसाला साधारण ३० ग्रॅम चोथा हवा. इसबगोलच्या चमच्यातून चारेक ग्रॅम मिळतो. प्रत्येकी पन्नास ग्रॅम पिठाच्या दोन ज्वारीच्या भाकऱ्यांतून दहा, वाटीभर मटकीच्या उसळीतून पाच, मध्यम पेरवातून आठ, गवार किंवा मेथीच्या भाजीतून तीन-चार. झाले की सत्तावीस! वर मूठभर शेंगदाणे. पांढऱ्या तांदळात मात्र शंभर ग्रॅमला तीनही ग्रॅम नसतो, आणि चाळणीने कोंडा काढून टाकलेल्या कणकेचा उपयोग फारसा नाही. एकदम वाढवू नका, गॅसने हैराण व्हाल. आठवड्याला एक बदल पुरे.

दूध-दह्याबद्दल चांगली बातमी आहे. ब्रिटनमधल्या पाच लाखांहून जास्त स्त्रियांच्या अभ्यासात (२०२५) रोज ३०० मिलिग्रॅम जादा कॅल्शियम, म्हणजे मोठा ग्लासभर दूध, घेणाऱ्यांना हा कॅन्सर १७ टक्के कमी आढळला. दही आणि बेताचं पाणी घातलेलं ताकही चालेल. हॉटेलातलं पाणीदार ताक धरू नका. पण कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्वाच्या गोळ्या देऊन केलेल्या एका मोठ्या प्रयोगात पॉलिप कमी झाले नाहीत. हाडांसाठी डॉक्टरांनी दिल्या असतील तर घ्या, आतड्यासाठी म्हणून नको. बाकी रोज चालणं. तुमची नोकरी बैठी असेल तर हे औषध कुठल्याही कॅप्सूलहून खात्रीचं.

मिस्टरांचं 'खूळ' हे म्हणणं मला अर्धंच पटलं. कॅप्सूल खूळ असेल, भीती खूळ नाही. त्यांना सांगा, कॅप्सूल बंद करते, बदल्यात तपासणीच्या दिवशी सुट्टी काढून सोबत या. झोपेच्या इंजेक्शनानंतर एकटीला घरी सोडत नाहीत, गाडी चालवता येत नाही, तेव्हा माणूस लागतोच.

आणि आई. सत्तरीच्या बाईच्या मुलाला कॅन्सर होतो, तेव्हा तिला राग कुणावर तरी काढायचा असतो, आणि घरात सून समोर असते. वहिनी केमोच्या फेऱ्या, डबे आणि रात्रीची जागरणं काढत असताना तिला हे ऐकावं लागतंय. तुम्ही मध्ये पडायला हवं, कारण लेकीचं ऐकलं जातं. वाद घालू नका. डॉक्टरांच्या पुढच्या भेटीला आईला सोबत न्या आणि तिच्यासमोर विचारा, 'हे खाण्यामुळे झालं का?' डॉक्टरांच्या तोंडून 'असं कुणालाच सांगता येत नाही' हे ऐकलं की बोलणं बंद होईलच असं नाही, पण वहिनीने ते ऐकलेलं असेल. जमलं तर त्याच भेटीत आईचीही चौकशी करा. तिच्या माहेरी कुणाला आतड्याचा, गर्भाशयाचा कॅन्सर झाला होता का? 'पोटात गाठ होऊन गेली' अशी एखादी मावशी बऱ्याच घरांत असते, आणि ती माहिती जनुकीय सल्लागाराला लागते.

हे पत्र वाचणाऱ्या इतरांसाठीही: शौचात रक्त, काही आठवडे टिकलेला जुलाब-बद्धकोष्ठाचा नवा फेरा, पोट साफ न झाल्याची सततची भावना, कारण नसताना उतरलेलं वजन, यातलं काही असेल तर वय कितीही असो, मूळव्याध समजून मलम लावत बसू नका. मूळव्याध असेलही, पण ती बघूनच ठरवायची.

तपासणी झाली की ताई, अहवालाची प्रत मागून घ्या आणि पॉलिप किती, केवढे, कुठल्या प्रकारचे हे त्यात आहे का बघा. पुढची तारीख एका वर्षाने की तीन की पाच, हे त्यावर ठरतं. डिस्चार्जच्या गडबडीत ते सांगायचं राहून जातं, म्हणून निघण्यापूर्वी ती तारीख कागदावर लिहून घ्या.